विमान जुळविणारे हात



खंडेनवमीच्या दिवशी महाराष्ट्रातील लहानमोठ्या कारखान्यांत यंत्रे स्वच्छ पुसली जातात, लेथला झेंडूची माळ चढते. पाने, पक्कड, हातोडी पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिले जाते. ज्या हत्याराने वर्षभर भाकरी दिली त्याच्यापुढे वर्षातून एकदा हात जोडावेत, ही त्यामागील भावना. विमानांच्या कारखान्यात मात्र हत्यारांची आठवण रोज करावी लागते. तेथे प्रत्येक हत्याराची आकृती कोरलेला फळा असतो आणि काम संपल्यावर प्रत्येक पाना आपापल्या आकृतीत परत गेला की नाही, हे पाहिले जाते. एक लहानसा स्क्रूड्रायव्हर जरी कमी भरला, तरी तो सापडेपर्यंत ते विमान पुढे सरकत नाही. कारण पंखाच्या पोकळीत विसरलेले हत्यार उद्या आकाशात नियंत्रणाच्या दांड्यांमध्ये अडकू शकते, आणि तेथे गाडी बाजूला घेऊन बॉनेट उघडण्याची सोय नसते.

आजचा विषय आहे तो हे हत्यार हाती धरणारा माणूस. विमानाचा संकल्पक आपल्याला ठाऊक असतो, वैमानिकाचे छायाचित्र वृत्तपत्रात झळकते. १७ ऑक्टोबर २०२५ या दिवशी नाशिकजवळच्या ओझर येथे तेजस एमके-१ए विमानांच्या नव्या उत्पादन मालिकेचे उद्घाटन झाले आणि तेथे तयार झालेले पहिले विमान आकाशात झेपावले, तेव्हा साऱ्या महाराष्ट्राला अभिमान वाटला. त्या विमानातील कोणता बोल्ट कोणी आवळला, हे वृत्तपत्रांत येत नसते. मात्र कारखान्याच्या दप्तरात ते असते. विमान उद्योगाचा हा दंडक आहे की, महत्त्वाचे प्रत्येक काम कोणी केले, केव्हा केले आणि कोणी तपासले, याची नोंद सही-शिक्क्यानिशी झालीच पाहिजे. जगासाठी अनामिक असलेला हा कामगार दप्तरात मात्र नावानिशी उभा असतो. ही एक सही किती मोलाची असते, आणि ती प्रामाणिक राहावी यासाठी काय काय जपावे लागते, एवढेच आज पाहायचे आहे.

प्रथम हे काम असते तरी कसे, ते पाहू. विमानाचे धड म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रे आणि त्यांना आतून आधार देणाऱ्या फासळ्या. हल्ली कार्बन तंतूंचे भागही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. हे सुटे भाग जिग नावाच्या भक्कम सांगाड्यात ठरल्या जागी पकडले जातात. मग छिद्रे पाडायची. छिद्र काटकोनातच पडले पाहिजे, त्याचा व्यास मिलिमीटरच्या शतांशाच्या हिशेबात बसला पाहिजे. पाडून झाल्यावर त्याच्या कडेला राहिलेली धारदार कड घासून काढायची आणि दोन पत्र्यांच्या मध्ये अडकलेला धातूचा किस पुसून घ्यायचा. नंतर सीलंटचा लेप, तोही वाळू लागण्यापूर्वीच्या ठरावीक मुदतीत. मग रिव्हेट. कारखान्यांतील जुनी माणसे तिला ‘रिबिट’ म्हणतात. एकाने बाहेरून हवेच्या दाबावर चालणाऱ्या बंदुकीने ठोकायचे आणि दुसऱ्याने आतून पोलादी ठोकळा टेकवून धरायचा. मध्ये पत्रा असल्याने दोघे एकमेकांना दिसतही नाहीत. ठरलेल्या खुणांवर त्यांचे काम चालते. बाहेरच्याने क्षणभर अधिक ठोकले किंवा आतल्याचा ठोकळा किंचित कलला, तर रिव्हेट बिघडली. ती ड्रिलने काढून पुन्हा मारायची, आणि काढताना मूळ छिद्र मोठे होऊ द्यायचे नाही. काही जातींच्या रिव्हेट तर उष्णोपचारानंतर शीतपेटीत ठेवाव्या लागतात. बाहेर काढल्यावर त्या लवकरच कडक होत जातात आणि त्यापूर्वीच ठोकल्या तर ठीक, नाहीतर वाया.

या कामाने शरीराचीही परीक्षा होते. पंखाच्या आत इंधनाची टाकी असते; तिच्या अरुंद तोंडातून आत शिरून, एका कुशीवर पडून, दिव्याच्या उजेडात सीलंट लावावे लागते. रिव्हेटच्या बंदुकीचा आवाज कानांवर आणि तिची थरथर बोटांवर वर्षानुवर्षे परिणाम करीत राहते. कानांना बोळे, हातमोजे, डोळ्यांना चष्मा ही शोभेची साधने नव्हेत. आणि एवढे करून या साऱ्या कामाचा फार मोठा भाग कोणालाही दिसत नाही. त्यावर दुसरा पत्रा येतो, रंग येतो, आतून सजावटीचे फलक येतात. बोइंग ७४७ या विमानात साठ लाख भाग असतात आणि त्यांतील निम्मे केवळ जोडणीचे, म्हणजे रिव्हेट, स्क्रू, बोल्ट यांसारखे असतात, असे ते बनविणारी कंपनीच सांगते. तीस लाख जोडण्या! त्यांतील बहुतेक प्रवाशाच्या नजरेस पडत नाहीत.

मग एवढ्यांपैकी एखादी चुकली तर काय बिघडणार, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. याचे उत्तर धातूच्या स्वभावात आहे. विमान उंच चढते तेव्हा बाहेरची हवा विरळ होते आणि आतील हवेचा दाब धडाला फुगवू पाहतो. खाली उतरले की तो ताण ओसरतो. प्रत्येक उड्डाणाबरोबर जणू विमान एक श्वास घेते आणि सोडते. हजारो श्वासांनंतर धातूला थकवा येतो, आणि तडा बहुधा छिद्राच्या कडेपासून सुरू होतो. म्हणून कडेवर राहिलेली केसाएवढी खाच आज काहीच करीत नाही. ती वाट पाहते.

जपान एअरलाइन्सच्या एका विमानाची कथा या संदर्भात सर्वांनी जाणून घेण्यासारखी आहे. जून १९७८ मध्ये ओसाका येथे उतरताना त्या बोइंग ७४७ चे शेपूट धावपट्टीवर घासले. विमानाच्या मागच्या टोकाला हवेचा दाब अडविणारी घुमटाच्या आकाराची एक भिंत असते. तिची दुरुस्ती निर्मात्या कंपनीच्या पथकाने केली. दोन भाग जोडताना मध्ये एक सलग पट्टी घालायची होती, म्हणजे भार रिव्हेटच्या दोन ओळींवर वाटला गेला असता. प्रत्यक्षात पट्टीचे दोन तुकडे वापरले गेले आणि त्या जागी सारा भार एकाच ओळीवर आला. वरून पाहणाऱ्याला काम पूर्ण झालेले दिसत होते. विमान पुन्हा सेवेत आले. एक, दोन, शंभर नव्हे, तर त्यानंतर बारा हजारांहून अधिक उड्डाणे त्याने सुखरूप केली. १२ ऑगस्ट १९८५ च्या सायंकाळी ती भिंत फुटली, शेपटाचा मोठा भाग उडाला, नियंत्रणाचे सारे द्रव वाहून गेले. वैमानिकांनी सुमारे अर्धा तास केवळ इंजिनांच्या जोरावर विमान हवेत धरून ठेवले. तेवढ्या वेळात काही प्रवाशांनी घरच्यांसाठी निरोपाच्या चिठ्ठ्या लिहिल्या. गुन्मा प्रांतातील डोंगरावर विमान आदळले. ५२४ जणांपैकी केवळ चौघी वाचल्या, ५२० जणांचा मृत्यू झाला. एकाच विमानाच्या अपघातात याहून मोठी प्राणहानी आजवर झालेली नाही.

सात वर्षे! दुरुस्ती करणारे हात तोवर कदाचित दुसऱ्या देशात, दुसऱ्या कामावर असतील. आपल्या कामाचे फळ त्याच दिवशी दिसण्याचे भाग्य अनेकांना लाभते. शेतकऱ्याला हंगामात दिसते, स्वयंपाक करणाऱ्या गृहिणीला पहिल्या घासात दिसते. विमान जुळविणाऱ्याचे फळ सात वर्षांनंतर, सात हजार मैलांवर आणि पूर्णपणे अनोळखी माणसांच्या आयुष्यात दिसते. त्या कंपनीने २००६ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर एक केंद्र उभारले. तेथे त्या विमानाचे अवशेष, ती फुटलेली भिंतसुद्धा, जपून ठेवली आहे आणि कंपनीच्या कर्मचाऱ्यांना सुरक्षेचा धडा देण्यासाठी तेथे नेले जाते. आपली चूक झाकून न ठेवता ती नव्या पिढीच्या डोळ्यांसमोर मांडायची, याला धैर्य लागते.

दुसरे उदाहरण ब्रिटनमधले. १० जून १९९० रोजी बर्मिंगहॅमहून स्पेनकडे निघालेल्या विमानाची कॉकपिटची समोरची काच उंचावर असताना निखळली आणि कप्तान कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याचे पाय घट्ट धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान उतरविले, आणि ईश्वरकृपेने सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत काय आढळले? उड्डाणापूर्वीच्या एका रात्रपाळीत काच बदलली होती. ती बसविणाऱ्या ९० बोल्टपैकी ८४ बोल्टांचा व्यास इंचाच्या सव्वीस सहस्रांशांनी कमी होता आणि उरलेले सहा आखूड होते. काम करणारा माणूस नवखा नव्हता, आळशीही नव्हता. उलट अनुभवी होता, आणि तेथेच घात झाला. भागांच्या सूचीत क्रमांक पाहण्याऐवजी त्याने काढलेल्या जुन्या बोल्टाशी नवा बोल्ट नजरेने जुळवून घेतला. ‘इतकी वर्षे हेच करतो आहोत, पुस्तक काय पाहायचे?’ हे वाक्य आपल्याही घरांत, कचेऱ्यांत, शाळांत किती सहज उच्चारले जाते! विमानाच्या कारखान्यात अनुभवाला मान आहे. पण पुस्तक उघडण्याच्या कष्टातून अनुभवालाही सूट नाही.

तिसरी घटना अगदी अलीकडची, आणि आजच्या विषयाचे मर्म तीत आहे. ५ जानेवारी २०२४ रोजी अमेरिकेतील पोर्टलंडहून उडालेल्या अलास्का एअरलाइन्सच्या बोइंग ७३७-९ विमानाचा दरवाजाएवढा एक फलक काही मिनिटांतच हवेत उडून गेला. आत १७७ माणसे होती. सुदैवाने त्या भगदाडाला लागून असलेल्या जागा रिकाम्या होत्या आणि कोणाचा प्राण गेला नाही. विमान नवे कोरे होते. कंपनीला मिळून तीन महिनेही झाले नव्हते. तो फलक जागेवर धरून ठेवणारे चार बोल्ट बसविलेलेच नव्हते, हे तपासात सिद्ध झाले. ते का नव्हते? कारखान्यात फलकाशेजारच्या पाच रिव्हेट सदोष आढळल्या होत्या. त्या दुरुस्त करण्यासाठी फलक उघडावा लागला. रिव्हेट बदलल्या गेल्या, फलक पुन्हा लावला गेला, पण बोल्ट राहून गेले. आणि फलक उघडला होता, याची नोंदच कोठे झाली नव्हती.

येथे क्षणभर थांबून विचार केला पाहिजे. बोल्ट विसरणे ही माणसाची चूक. ती कोणाच्याही हातून होऊ शकते. म्हणूनच तर तपासनीस नेमलेला असतो. पण तपासनीस कोठे जातो? जेथे नोंद त्याला बोलावते तेथे. नोंद झाली असती, तर ‘हा भाग काढला होता, पुन्हा बसविला का, ते पाहा’ असे कागदानेच त्याला बजावले असते आणि चार बोल्ट त्याच दिवशी सापडले असते. विस्मरणाने फलक सैल राहिला खरा. पण विस्मरणावर जो उपाय योजलेला होता, तो न लिहिलेल्या कागदाने निकामी केला. हातून झालेली चूक एकपट असते, न नोंदलेली चूक दसपट होते.

मग दोष त्या कामगारांचा म्हणायचा का? अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने जून २०२५ मध्ये आपला निष्कर्ष जाहीर केला, तेव्हा बोट मुख्यत्वे कंपनीच्या व्यवस्थेकडे दाखविले. भाग काढण्याची नोंद नियमाने होत राहावी यासाठी कामगारांना पुरेसे प्रशिक्षण, मार्गदर्शन आणि देखरेख कंपनीने दिली नाही, असा तो निष्कर्ष आहे. सरकारी नियामकाची देखरेखही अपुरी ठरली, असे मंडळाने म्हटले. हा निष्कर्ष कामगाराला मोकळे सोडण्यासाठी नाही. प्रामाणिक सही ही एकट्या कामगाराच्या सद्गुणावर उभी राहत नाही, हे सांगण्यासाठी आहे.

हे कसे, ते एका साध्या प्रसंगाने समजून घेता येईल. कल्पना करा, दुपारच्या पाळीत एका तरुण फिटरच्या हातून ड्रिल किंचित घसरले आणि छिद्र मापापेक्षा थोडे मोठे झाले. सुट्या भागाची किंमत लाखांच्या घरात आहे. त्याच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, तशीच रिव्हेट ठोकून द्यायची. तिचे डोके छिद्र झाकून टाकील, उद्या त्यावर रंग चढेल, आणि हे गुपित त्याच्या मनाखेरीज कोठेही उरणार नाही. दुसरी, हात वर करून पर्यवेक्षकाला बोलवायचे आणि म्हणायचे, “साहेब, माझ्याकडून छिद्र मोठं झालंय.” मग काम थांबणार, अभियंता येणार, मोठ्या मापाची रिव्हेट चालेल की भाग बाद करायचा याचा लेखी निर्णय होणार, आणि त्या दिवसाचे उद्दिष्ट हुकणार. तो कोणती वाट धरील, हे पुष्कळसे यावर अवलंबून असते, की मागच्या वेळी ज्याने हात वर केला, त्याचे काय झाले? त्याला चारचौघांत अपमानित केले असेल, त्याची नोकरी तीन महिन्यांच्या करारावर लोंबकळत असेल, फळ्यावर केवळ ‘आज किती’ एवढेच लिहिले जात असेल, तर त्या तरुणाला खोटे बोलायला आपणच शिकविले असे होईल. उलट पर्यवेक्षक म्हणाला असेल, “सांगितलंस ते बरं केलंस, आता बघू काय करायचं ते,” तर त्या एका वाक्याने हजारो प्रवाशांचे रक्षण केले. सत्य सांगणाऱ्याला शिक्षा आणि लपविणाऱ्याला बक्षीस, अशी ज्या व्यवस्थेची रीत असते, तिची विमाने कितीही उत्तम कागदावर रेखलेली असोत, सुरक्षित राहू शकत नाहीत.

आपल्या देशाच्या दृष्टीने हा विचार आज अधिक निकडीचा आहे. भारतात विमान बांधण्याचे स्वप्न पाहणारा पहिला उद्योगपती सोलापूरचा होता. वालचंद हिराचंद यांनी १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या सहकार्याने बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन केली. त्याच कारखान्यात डॉ. वि. मा. घाटगे यांच्या नेतृत्वाखाली संकल्पित झालेले एचटी-२ हे प्रशिक्षण विमान १९५१ मध्ये उडाले. ओझरला मिग विमानांचा कारखाना १९६४ मध्ये आला. तेथील आणि देशातील इतर कारखान्यांतील कामगारांनी परदेशातून आलेले सुटे भाग जुळविण्यापासून सुरुवात केली आणि टप्प्याटप्प्याने ते भाग स्वतः घडविण्यापर्यंत मजल मारली. मिग-२१ विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी हवाई दलातून निवृत्त झाली. ती उडविणाऱ्यांच्या शौर्यगाथा लिहिल्या गेल्या, त्या योग्यच होत. ती जुळविणाऱ्या पिढीची गाथा मात्र निफाड-दिंडोरीच्या घराघरांत निवृत्तिवेतनाच्या कागदांबरोबर कपाटात आहे.

आता क्षेत्र विस्तारले आहे. हैदराबादला अपाची हेलिकॉप्टरची धडे बनतात. वडोदरा येथे २८ ऑक्टोबर २०२४ रोजी सी-२९५ या लष्करी वाहतूक विमानांच्या कारखान्याचे उद्घाटन झाले. ५६ पैकी ४० विमाने तेथे बनविण्याचा करार आहे. नागपूरच्या मिहानमध्ये फाल्कन विमानांचे भाग जुळविले जातात. यंत्रे विकत आणता येतात, आराखडे करारान्वये मिळविता येतात. पण आतल्या बाजूची, कोणालाही न दिसणारी रिव्हेटसुद्धा नीट बसली पाहिजे, हा आग्रह कोणत्याही करारात आयात करता येत नाही. तो येथेच, आपल्या घरांत आणि शाळांत, घडवावा लागतो.

आणि येथेच मध्यमवर्गीय कुटुंबांनी थोडे अंतर्मुख व्हायला हवे. मुलगा अभियांत्रिकीला गेला की पेढे वाटले जातात, आयटीआयला गेला की तेच वडील आवाज खाली करून सांगतात, “काहीतरी करतोय, फिटरचं.” वधू-वर सूचक मंडळाच्या अर्जात ‘खासगी नोकरी’ असे मोघम लिहिले जाते. ज्याच्या बोटांच्या अचूकतेवर दीडशे जीव विसंबून आहेत, त्याच्या आईवडिलांनी त्याचे काम सांगताना संकोचावे, ही श्रमाची अवहेलना नव्हे तर काय? ज्या कामाला समाज मान देत नाही, त्या कामावरील सहीला तरी ते काम करणाऱ्याने का मान द्यावा? आपल्या मुलांना गुणपत्रिकेवर लपवाछपवी केल्याबद्दल आपण रागावतो. पण चूक आपणहून सांगितली म्हणून कधी पाठ थोपटतो का? कारखान्यातील तो तरुण फिटर हात वर करायला शिकतो ते कारखान्यात नव्हे. घरात काचेचा पेला फुटल्यावर त्याला काय वागणूक मिळाली होती, तेथे तो शिकतो.

म्हणून, पुढच्या वेळी आपण विमानात बसाल, खिडकीतून पंखावरील रिव्हेटच्या सरळ रांगा दिसतील, तेव्हा एवढे आठवावे. त्या रांगेतील प्रत्येकीच्या मागे, पत्र्याच्या पलीकडे, कोणीतरी ठोकळा धरून उभा होता. आपण त्याला कधी भेटणार नाही, त्यालाही आपण ठाऊक नाही. तरीही त्याने काम केले आणि त्याखाली आपले नाव लिहिले. आपापल्या क्षेत्रात, कोणी पाहत नसताना केलेल्या कामाखाली तितक्याच निःशंकपणे सही करता यावी, आणि चूक झाली असेल तर तीही त्याच सहीने मान्य करता यावी, एवढे जरी आज येथून उठताना मनाशी ठरले, तरी पुष्कळ झाले.